बटणाला हात लावू नये

भांडारपालांच्या टेबलावर तीन वॉकीटॉकी एका रांगेत उभे होते आणि त्यांतला एक शुक्रवारपर्यंत निवडायचा होता. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात निवड समिती तिघांची असते. पहिले सदस्य निवृत्त झाले होते, दुसरे दाढ काढून घरी पडले होते, त्यामुळे उरलेले तिसरे सदस्य म्हणजेच समिती होती. या समितीला, म्हणजे भांडारपालांना, सगळं ऑफिस भाऊसाहेब म्हणत असे. भाऊसाहेबांना नट, बोल्ट, वायसर, व्हॉल्व्ह यांतलं सगळं कळत होतं. डोळे मिटून नुसतं चाचपून ते नटाचं माप सांगत. वॉकीटॉकीतलं मात्र त्यांना एवढंच ठाऊक होतं की बोलताना बटण दाबायचं आणि ऐकताना सोडायचं, आणि घाईत तेही उलटं होत असे.

समोर कंपनीचा माणूस बसला होता. त्याने चौथ्यांदा समजावायला सुरुवात केली.

"साहेब, पंपघरापासून शहरापर्यंत तुमचे तीन मनोरे आहेत. जुने, ॲनालॉग. हातातल्या सेटचा आवाज डोंगर ओलांडत नाही, म्हणून मनोरा तो झेलतो आणि पुढे फेकतो. बरोबर?"

"बरोबर," भाऊसाहेब म्हणाले. इथपर्यंत ते प्रत्येक वेळी पोचत होते.

"मागच्या वर्षी तुम्ही तिन्ही मनोरे एकमेकांना जोडून घेतलेत. आता फक्त सेटला शहाणपण हवं. जुना सेट घेऊन गाडी डोंगरापलीकडे गेली की हाताने नंबर बदलावा लागतो. हा सेट खिशात असतानाच तिन्ही मनोऱ्यांचा कानोसा घेत राहतो. ज्याचा आवाज जोरात, त्याला धरतो. गाडी पुढे गेली की त्याला सोडून दुसऱ्याला. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळणारच नाही, तर मी निवडू कसा?"

"म्हणजे फरक कळणार नाही, साहेब."

"तो आत्ताही कळत नाहीये."

कंपनीच्या माणसाने टेबलावरचं पाणी पिऊन घेतलं. "तुम्ही एकच करा. हे वरचं गोल बटण एकवर ठेवा. एकवर असलं की बाकी सगळं आपोआप. दोन आणि तीनवर काही नाही, तिथे रिकामं आहे."

"मग दोन-तीन ठेवले कशाला?"

"बटण गोल आहे ना, साहेब," तो म्हणाला. हे उत्तर भाऊसाहेबांना सगळ्यांत जास्त पटलं. त्यांनी वहीत ठळक लिहून घेतलं: बटणाला हात लावू नये.

एवढं डोकं खाजवायचं भाऊसाहेबांना खरं तर कारण नव्हतं. डोळे झाकून एकावर बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण मधे बदली आडवी आली होती. भाऊसाहेबांची बायको सहा तासांवरच्या गावात, सरकारी दवाखान्यात नर्स होती. आठ वर्षं त्यांचा संसार शनिवारच्या बसने जायचं आणि रविवारच्या बसने यायचं असा चालला होता, आणि त्यातही दोन रविवारांपैकी एक रविवार तिच्या ड्यूटीत जाई. आठ वर्षांत त्यांना एकट्याने जेवायची सवय झाली नव्हती, आणि ती व्हावी असं त्यांना वाटतही नव्हतं. तिच्या गावी बदली मागणारा त्यांचा अर्ज चौदा महिने साहेबांकडे पडून होता. शेवटी गेल्या आठवड्यात साहेब म्हणाले होते, "रेडिओचं निस्तरा. निवड पसंत पडली की त्याच दिवशी सही करतो." त्यामुळे भाऊसाहेबांना रेडिओ नव्हे तर बायको दिसत होती, आणि माणूस अशा वेळी चूक करायला फार घाबरतो.

त्यांनी ठरवलं की तिन्ही सेट प्रत्यक्ष रस्त्यावर नेऊन तपासायचे. मंगळवारी पहिला, बुधवारी दुसरा, गुरुवारी तिसरा. प्रत्येक कंपनीने दोन-दोन सेट दिले होते. एक पाहणीच्या गाडीत मामांकडे आणि दुसरा कंट्रोल रूममध्ये ताईंकडे.

मामा हे ड्रायव्हर. एकोणीस वर्षं पाइपलाइनच्या बाजूने तीच गाडी, तोच रस्ता. ताई तितकीच वर्षं कंट्रोल रूमच्या टेबलाशी. या दोघांचं एक ठरलेलं होतं. खिंडीच्या तोंडाशी एक वाकडं झाड होतं. ते आलं की मामा सेट तोंडाशी धरून म्हणत, "झाड आलं ताई, दोन." आणि नंबर दोनवर नेत. ताई इकडे "दोन" म्हणून आपलं बटण दोनवर नेत. पुढे ओढ्यावरची मोरी आली की तीन. येताना उलटं. एकोणीस वर्षांत यात कधी चूक झाली नव्हती. एकदा मामांना ताप होता तेव्हा त्यांनी झोपेत "झाड आलं" म्हटल्याचं मामींनी सांगितलं होतं.

मंगळवारी निघताना भाऊसाहेबांनी दोघांनाही बजावलं.

"मामा, हे गोल बटण एकवर आहे. त्याला हात लावायचा नाही."

"कशाला लावू?" मामा म्हणाले. "मला काय हौस आहे?"

"ताई, तुम्हीही नाही."

"भाऊ, मी काय लहान आहे का?" ताई म्हणाल्या.

गाडी निघाली. भाऊसाहेब शेजारी बसून मांडीवर तक्ता धरून खुणा करत होते. शाळा, आवाज स्पष्ट. विटांचा भट्टा, स्पष्ट. पेट्रोल पंप, स्पष्ट. घाट चढला, स्पष्ट. मग मामा सेट तोंडाशी धरून म्हणाले, "झाड आलं ताई, दोन," पलीकडून "दोन" आलं, आणि भाऊसाहेबांनी तक्त्यात लिहिलं, झाड, स्पष्ट. हे संभाषण त्यांनी ऑफिसात बसून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते कानात शिरलं आणि दुसऱ्या कानाने निघून गेलं. त्यानंतर सेट मेला. मामा हाका मारत राहिले, ताई तिकडे हाका मारत राहिल्या, आणि कोणाचं कोणाला काही गेलं नाही. पंपघरापर्यंत शांतता आणि तिथून परत झाडापर्यंत शांतता. झाड आलं, मामांचा हात सेटवर गेला आणि ताईंचा आवाज खणखणीत आला.

"बटणाला हात लावला होता का, मामा?"

"नाही बुवा," मामा म्हणाले, आणि ते अगदी खरं बोलत होते. त्यांनी लावला नव्हता. त्यांच्या हाताने लावला होता, आणि त्याने मामांना विचारलं नव्हतं. ताईंनीही तसंच सांगितलं. भाऊसाहेबांनी तक्त्याखाली लिहिलं, पहिला सेट झाडाला घाबरतो. मग ते खोडून, झाडापुढे निकामी.

बुधवारी दुसरा सेट, आणि त्याच दिवशी नेमकं कामही होतं. शहराची टाकी भरत आली की ताई सेटवरून सांगणार, आणि मामांनी पंपघराशेजारचा मोठा व्हॉल्व्ह बंद करायचा. डोंगरापलीकडे मोबाइलला रेंज नव्हती. पंपघरात जुना फोन होता, त्यावर नुसते येणारेच फोन घेता येत, आणि तिथला माणूस नवा सेट बघायच्या उत्साहात फाटकाबाहेर येऊन गाडीची वाट पाहत उभा होता.

झाड आलं. "झाड आलं ताई, दोन." "दोन." सेट मेला.

"हाही?" भाऊसाहेब म्हणाले.

"बघा ना," मामा म्हणाले, "आजकालच्या वस्तूच अशा."

साडेअकराला टाकीचा काटा वर गेला. ताईंनी हाक मारली, उत्तर नाही. मामांनी हाक मारली, उत्तर नाही. साडेअकराच्या सुमाराला व्हॉल्व्ह बंद करायचा असतो हे मामांना माहीत होतं, पण निरोप आल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही हा नियम त्यांनी एकोणीस वर्षं पाळला होता. ते व्हॉल्व्हशेजारी दगडावर बसून राहिले. भाऊसाहेब तक्ता घेऊन उन्हात उभे. पंपघराचा माणूस सेट हातात घेऊन कौतुकाने उलटा-सुलटा करत होता. त्याचं मत असं पडलं की वजनाला हलका आहे.

टाकी ऑफिसच्या मागच्या टेकाडावर होती. पाऊण तासाने ती वाहायला लागली. पाणी टेकाडाच्या पायऱ्यांवरून उतरलं, मागच्या दाराने रेकॉर्ड रूममध्ये शिरलं, तिथे जुन्या फायली पाहून घेतल्या आणि पुढच्या व्हरांड्यातून बाहेर पडलं. गाडी परत आली तेव्हा साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खुर्चीवर उभे होते.

"भाऊसाहेब," साहेब म्हणाले, "हे काय आहे?"

"पाणी आहे, साहेब."

"ते मला दिसतंय. निरोप का पोचला नाही?"

"सेट झाडापुढे चालत नाही, साहेब. कालचाही नव्हता चालत."

"मग तुम्ही झाडाअलीकडच्याच सेटांची निवड करताय का? उद्या शेवटचा सेट आहे ना? तोही असाच निघाला, तर निवड दुसऱ्या कोणावर तरी सोपवतो. आणि बदलीचं नंतर कधीतरी बघू."

हे 'नंतर कधीतरी' चौदा महिन्यांचं असतं हे भाऊसाहेबांना माहीत होतं. ते स्टोअरमध्ये आले. रेकॉर्ड रूममधल्या ओल्या फायली वाळायला त्यांच्याच टेबलावर पसरल्या होत्या, म्हणून तिसऱ्या सेटची जोडी त्यांनी लोखंडी कपाटाच्या खणात ठेवली आणि खण ढकलला. खण अडला. दिवसभराचा राग होता, तो त्यांनी खणावर काढला. आतून कट्‌ असा आवाज आला. खण उघडून पाहतात तो गाडीत न्यायच्या सेटचं गोल बटण मुळापासून तुटून खणाच्या कोपऱ्यात पडलं होतं.

भाऊसाहेबांनी ते उचलून परत बसवून पाहिलं, बसेना. परक्या कंपनीची वस्तू, एकुलती एक उरलेली, आणि ती त्यांनी मोडली होती. सेट लावून पाहिला तर चालत होता. बटण तुटताना एकवरच तुटलं होतं, आणि आता ते फिरवायला तिथे काही नव्हतं. त्यांनी ते बटण शर्टाच्या खिशात टाकलं, सेटला चामड्याचं कव्हर चढवलं आणि कोणाला काही न सांगता घरी गेले. जेवताना बायकोचा फोन आला.

"आवाज का असा येतोय? बरं नाही का?"

"छे, बरा आहे. उद्या एक तपासणी आहे."

"तुमची?"

"माझीच म्हणायला हरकत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

गुरुवारी घाट चढताना त्यांचा हात सारखा खिशातल्या बटणाकडे जात होता. मामा एका हाताने स्टिअरिंग धरून गुणगुणत होते. वाकडं झाड दिसलं. मामांनी सेट उचलला, तोंड उघडलं, अंगठा नेहमीच्या जागी गेला आणि तिथे काहीच नव्हतं. मामांनी गाडीच थांबवली.

"इथलं बटण कुठंय?"

"चला ना तुम्ही."

"नाही, पण इथे एक बटण असतं."

"मामा, त्याला हात लावायचा नाही असं सांगितलंय ना? मग नसलं काय न् असलं काय?"

"तसं बरोबर आहे," मामा म्हणाले, पण ते मनातून फार हलले होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते झाडापाशी काही न बोलता पुढे गेले. सारखं अंगठ्याकडे बघत होते. मोरी मागे पडली तरी तोंडातून शब्द नाही. पंपघराचं फाटक दिसायला लागलं तेव्हा सेटमधून ताईंचा आवाज आला, शेजारी बसून बोलावं इतका स्पष्ट.

"मामा, आज एवढा उशीर का? झाड आलं नाही का अजून?"

गाडी फाटकाशी थांबली. मग मामांनी सेट तोंडाशी नेला. "ताई, आम्ही पंपघराशी आहोत."

"काहीतरीच काय? मी तर अजून एकवरच आहे."

भाऊसाहेबांनी तक्ता बाजूला ठेवला. त्यांच्या डोक्यात तीन दिवसांचं धुकं होतं, त्यात कुठेतरी एक दिवा लागला. त्यांनी मामांच्या हातातून सेट घेतला. "ताई, 'अजून' म्हणजे काय? काल-परवा तुम्ही एकवर नव्हता?"

"मामांनी दोन म्हटल्यावर मी एकवर कशी राहीन, भाऊ? त्यांचा अपमान नाही का तो?"

"तुम्ही तर म्हणालात, बटणाला हात लावला नाही."

"नाहीच लावला. फक्त दोनवर नेलं."

मग संध्याकाळी कंट्रोल रूममध्ये सगळा हिशेब लागला. बुधवारी उत्तर येईना तेव्हा ताई एकवर परतल्या होत्या. पाच मिनिटांनी मामाही एकवर आले, पण तेवढ्यात ताईंना वाटलं, मामा दोनवर वाट बघत असतील, म्हणून त्या दोनवर गेल्या. मामांना एकवर कोणी भेटेना, म्हणून ते दोनवर गेले, तेव्हा ताई एकवर आल्या होत्या. टाकी वाहत होती तेवढा वेळ हे दोघे एकमेकांच्या काळजीने एकमेकांना चुकवत होते. सेट बिचारे आपोआप मनोरे बदलायला तयार बसले होते, पण माणसांनी त्यांना उसंतच दिली नव्हती. भाऊसाहेबांनी खिशातलं तुटलेलं बटण टेबलावर ठेवलं आणि झालेलं सगळं सांगून टाकलं.

शुक्रवारी त्यांनी अहवाल दिला. तिन्ही सेट सारखेच चांगले आहेत, त्यांतला कोणताही घ्यावा, परंतु वरचं गोल बटण काढून घ्यावं. साहेबांनी तो दोनदा वाचला. कंपनीची माणसं सेट विकतात, ऑफिसातली माणसं कंपनी निवडतात, पण सेटचा कोणता भाग नको हे सांगणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. मोडलेला सेट परत न्यायला आलेल्या माणसासमोर त्यांनी तो धरला. "आम्हाला असेच हवेत."

"साहेब, हा तुटलाय."

"म्हणूनच चालतोय."

"पण असं मॉडेल येत नाही, साहेब."

"मग पाठवण्याआधी तोडा," साहेब म्हणाले, आणि खरंच, त्याच दिवशी त्यांनी भाऊसाहेबांच्या अर्जावर सही केली. महिनाअखेर मोकळं करण्याचा आदेश दुपारी टाइप होऊन हातात आला. भाऊसाहेबांनी तो तीनदा वाचला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही, कारण स्टोअरमध्ये बघणारं कोणी नव्हतं.

बायकोला फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगायचं असं ठरवून ते शनिवारच्या बसने गेले. तिने दार उघडलं तेव्हा तीही हसत होती. चहाचे कप ठेवायच्या आधी त्यांनी टेबलावर आदेश ठेवला. तिने तो वाचला, आणि तिचं हसू हळूहळू कुठेतरी गेलं. मग तिने कपाटातून एक लिफाफा आणून त्याच्या शेजारी ठेवला. तिनेही सहा महिन्यांपूर्वी अर्ज केला होता, त्यांना चकित करायचं म्हणून सांगितलं नव्हतं, आणि गुरुवारी तिची बदली त्यांच्या शहरातल्या दवाखान्यात झाली होती. तीही महिनाअखेरपासून.

दोघंही बराच वेळ दोन कागदांकडे बघत बसले. चहा निवला.

"माझी रद्द करते," ती म्हणाली. "तुमची बदली किती वर्षांनी झालीय."

"छे, माझी रद्द करतो. तू कशाला? तिकडे निदान मोठं घर आहे."

"तुम्हाला इथे आवडतं."

"मला तू जिथे असशील तिथे आवडतं," भाऊसाहेब म्हणाले. असं ते आठ वर्षांत बोलले नव्हते, त्यामुळे पुढे वाद घालायचं कोणाला सुचलं नाही. रविवारी संध्याकाळी बस सुटताना ते खिडकीतून म्हणाले, "मी बघतो सोमवारी," आणि ती खालून म्हणाली, "मी बघते."

सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या ते साहेबांसमोर उभे राहिले. बदली रद्द करायची म्हणताच साहेबांचा चेहरा फुलला.

"मला वाटलंच होतं. तुमचा जीव या रेडिओंत अडकलाय," ते म्हणाले, आणि चौदा महिने न हललेला त्यांचा पेन दोन मिनिटांत हलला. दुपारपर्यंत तर त्या जागेवर दुसऱ्या कोणाचं तरी नाव टाइपसुद्धा झालं.

तीन वाजता बायकोचा फोन आला. ती ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत बोलत होती.

"अहो, झालं काम. आता तुम्ही खुशाल या."

भाऊसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कसलं काम?"

"माझी बदली रद्द केली. मेट्रनबाई इतक्या खूश झाल्या, लगेच सही दिली. त्यांना माणसं कमीच पडतायत."

"कधी केलीस?"

"सकाळी दहाला. का?"

"मी सव्वादहाला."

पलीकडून दवाखान्यातल्या कोणाच्या तरी चपलांचा आवाज तेवढा येत राहिला. मग ती हसली की रडली ते भाऊसाहेबांना नीट कळलं नाही, बहुधा दोन्ही असावं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "परत अर्ज करू. पण या रविवारी मी येते. दर वेळी तुम्हीच येता."

"नको, मी येतो."

"आणि मी निघाले तर?"

"तू जागची हलू नकोस," भाऊसाहेब म्हणाले. "पाया पडतो तुझ्या."